हजेरी बंद झाल्यावर

पाडव्याच्या दिवशी दुपारी दोन वाजता वाघोलीच्या ऑफिसातला फोन वाजला. बटणांची घंटा नव्हे, टेबलावरचा साधा फोन. त्यावर एरवी कर्ज देऊ करणाऱ्या बँका आणि डबेवाली मावशी यांच्याशिवाय कुणाचा फोन येत नसे.

मुमताजने उचलला.

"नमस्कार. मी दीनानाथ आगाशे, शनिवार पेठ," पलीकडचा वृद्ध आवाज अगदी सावकाश बोलत होता. "आपली सेवा दिवाळीच्या सुट्टीवर जाते, हे ग्राहकांना कळवण्याची पद्धत नाही का आपल्याकडे?"

"नाही काका, आम्ही आहोत ना इथे. बोला, काय झालं?"

"काय झालं ते नंतर. मी बटण दाबलं. मग चहा टाकला. चहा प्यालो, कप विसळला, आणि आता तुम्हाला फोन करतोय. या सगळ्यात मधे कुठेतरी तुमचं काम येतं, अशी माझी समजूत होती."

मुमताजने पडद्याकडे पाहिलं. दीनानाथ आगाशे यांच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, म्हणजे त्यांचं यंत्र व्यवस्थित चालू होतं. त्यांनी दाबल्याची नोंद मात्र कुठेच नव्हती.

"काका, तुम्ही बरे आहात ना?"

"बरा आहे. बरा आहे म्हणून फोनपर्यंत आलो. जो नसेल त्याचं काय, याचा सवडीने विचार करावा. दिवाळीच्या शुभेच्छा." फोन ठेवल्याचा आवाज आला.

शेजारच्या टेबलावर सलीमा डोकं टेकून बसली होती. झोपली नव्हती, पण जागीही म्हणता आली नसती. कंपनीचं सगळं सॉफ्टवेअर तिच्याकडे होतं आणि वसुबारसेपासून ड्यूटीही तिच्याकडेच होती. ऑफिसात ही वाटणी ठरून गेलेली होती: ईदला श्रीधर आणि बाकीचे थांबायचे, दिवाळीला सलीमा आणि मुमताज. कुणाची तक्रार नव्हती. फक्त ईद एका दिवसात आटपते आणि दिवाळी आठवडा खाते, हा हिशेब वाटणी करताना कुणी मांडला नव्हता.

"आपा," मुमताज म्हणाली, "आगाशेकाकांनी दाबलं म्हणतात. इथे काहीच नाही आलं."

"विसरले असतील दाबायला."

"ते? ते टोमणासुद्धा विसरत नाहीत."

सलीमा उठली. ज्यांची मुलं परदेशात आहेत अशा पुण्यातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही सेवा होती. गळ्यात एक बटण, बैठकीत एक पेटी. बटण दाबलं की पेटी इथल्या पडद्यावर हाक पाठवायची, घंटा वाजायची, आणि इथून कुणीतरी त्या पेटीला फोन लावायचं. पेटी तो आपोआप उचलायची, त्यामुळे जमिनीवर पडलेल्या माणसालाही पडल्या जागेवरून बोलता यायचं. गरज वाटली तर नातेवाईक, शेजारी, रुग्णवाहिका. एवढंच काम. पण यातली पहिली कडी हीच होती की हाक पोचली पाहिजे.

भिंतीवर, कॅलेंडरच्या खिळ्याला, ग्राहकांना दाखवण्यासाठी ठेवलेलं एक बटण लटकत होतं. सलीमाने ते दाबलं. घंटा वाजली नाही. थोडं थांबली, तरीही नाही. पडद्यावर त्या बटणाच्या नावापुढचा ठिपका हिरवागार होता.

तिने कोपऱ्यातली पेटी बंद करून परत चालू केली, ठिपका एकदा विझून पुन्हा लागेपर्यंत थांबली आणि परत दाबायला हात पुढे केला. बटणाला बोट लागायच्या आतच मघाची हाक आली आणि घंटा इतक्या जोरात वाजली की दोघीही दचकल्या.

"चालतंय की," मुमताज म्हणाली.

"आत्ता चालतंय," सलीमा म्हणाली आणि खुर्चीत बसली.

तिला कळायला फार वेळ लागला नाही. पेटीत मोबाइलचं कार्ड होतं. पेटी आणि ऑफिस यांच्यातली वाट मोबाइलच्या जाळ्यातून जात होती, आणि बराच वेळ त्या वाटेवरून काहीच गेलं नाही तर मोबाइल कंपनी ती गुपचूप बंद करत होती. ना पेटीला सांगायची, ना ऑफिसला. दोन्ही टोकं आपापल्या जागी समजत राहायची की वाट उघडी आहे. पेटी रोज मध्यरात्री एकदा नवी वाट उघडून 'मी आहे' असं कळवायची आणि त्या एका निरोपावर ठिपका पुढचा अख्खा दिवस हिरवा राहायचा. मधल्या वेळात कुणी दाबलं तर हाक बंद वाटेत जायची. पेटी ती जपून ठेवायची आणि मध्यरात्रीची वाट बघायची.

मध्यरात्र. हा शब्द मनात आला आणि तिला आणखी एक गोष्ट आठवली. रात्रपाळीवाला गेल्या आठवड्यात हसत सांगत होता, "मॅडम, म्हातारी माणसं झोपेत कूस बदलताना बटण दाबतात वाटतं. बाराच्या ठोक्याला हाका येतात. फोन केला तर म्हणतात, अहो मी दुपारी दाबलं होतं." त्याने त्या हाकांपुढे 'ग्राहक गोंधळलेले' असं लिहून ठेवलं होतं. सलीमाने ते वाचलं होतं. तीही हसली होती.

तिने श्रीधरला फोन लावला. कंपनी त्याची. तो चिंचवडला सासुरवाडीला होता. मागे फटाके आणि ताटांचा आवाज.

"आपण हजार बटणं एकदम दाबून पाहिली होती ना?" तो म्हणाला. "तेव्हा तर एकही हाक चुकली नव्हती."

"दाबून पाहिली होती. न दाबता नाही पाहिलं."

"म्हणजे?"

"म्हणजे दिवसभर कुणीच नाही दाबलं तर काय होतं, ते नाही पाहिलं."

"पण सलीमा, दोन वर्षं चाललंय हे. असं आधी कधीच कसं झालं नाही?"

उत्तर तिला ठाऊक होतं, आणि श्रीधरलाही क्षणभराने सुचणार होतं.

दोन वर्षं असं झालं नाही, कारण दोन वर्षं हजेरी होती. हे नाव मुमताजने ठेवलेलं. सुरुवात केली ती सरोजिनी केतकरांनी. मंडईच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई. कॅनडातल्या भाच्याने ही सेवा त्यांच्या गळ्यात घातली होती. बाई रोज सकाळी चहा झाला की बटण दाबायच्या.

"बोला आजी," मुमताज पहिल्या दिवशी म्हणाली होती.

"आजी नको. मला नातवंडं नाहीत, आणि तुझ्या वयाची नात असती तर एव्हाना तिला फोनवर नाव सांगायची शिस्त लागली असती. बाई म्हण."

"बरं बाई. मी मुमताज. काही त्रास होतोय का?"

"मला नाही. तुम्ही जागे आहात का ते बघायला दाबलं. आहात. छान." आणि संपलं.

बाईंनी ही युक्ती नाट्यगृहात, बँकेत, डॉक्टरांकडे भेटेल त्याला सांगितली असावी. कारण वर्षभरात निम्मे ग्राहक दिवसातून एकदोनदा दाबू लागले. कुणी फक्त सकाळी, कुणी सकाळी आणि परत दुपारी झोपून उठल्यावर. काहींना वेळ विचारायची असे, काहींना मंडईत आज मटार काय भावाने आहे हे सांगायचं असे. मुमताजचा घसा बसायचा. पण प्रत्येक दाबण्याने त्या घराची वाट पुढचे काही तास उघडी राहत होती, हे ना बाईंना माहीत होतं ना मुमताजला. ना सलीमाला, जिला ते माहीत असायला हवं होतं.

मग श्रीधरला ज्येष्ठांच्या एका मोठ्या वसाहतीचं काम मिळायची चिन्हं दिसू लागली. तिथल्या लोकांनी विचारलं, तुमच्याकडे येणाऱ्या हाकांपैकी खऱ्या किती? श्रीधरने आकडा पाहिला आणि लाजला. गणपती उठल्यावर सगळ्या ग्राहकांना निरोप गेला: कृपया गरज असेल तेव्हाच बटण दाबावे, विनाकारण दाबल्याने इतरांच्या मदतीला उशीर होऊ शकतो. निरोप सलीमाने लिहिला. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर हाका कमी झाल्या तर यंत्रणेवरचा ताणही कमी होईल, असं तिने स्वतःच श्रीधरला म्हटलं होतं.

पुण्याच्या माणसाला एकदा नको म्हटलं की तो पुन्हा दारात येत नाही. पंधरवड्यात पडदा शांत झाला. श्रीधरने पेढे आणले.

सरोजिनीबाईंनी तेवढं निरोपाचं उत्तर द्यायला शेवटचं बटण दाबलं होतं. तेव्हा योगायोगाने फोन सलीमाने घेतला होता.

"म्हणजे पडल्याशिवाय तुमच्याशी बोलायचं नाही," बाई म्हणाल्या.

"तसं नाही बाई, पण—"

"नाही, नाही, समजलं मला. लिहिलंय ते स्वच्छ लिहिलंय. बरं. पडले की दाबीन."

श्रीधर फोनवर अजून होता. "हजेरी," तो आता स्वतःशीच म्हणाला. मग, "काय करता येईल?"

"प्रत्येक पेटीला मेसेज पाठवून बंद-चालू करता येतं. तो वेगळ्या मार्गाने जातो, पोचेल. सगळ्या पेट्या नव्याने जोडल्या जातील."

"कर. आणि सलीमा, हे आत्ता कुणाला बोलू नकोस. आधी नीट कर, मग बघू."

तिने मेसेज सोडले. पडद्यावरचे हिरवे ठिपके करडे होत गेले आणि मग एकेक करून परत हिरवे होऊ लागले. मुमताज खुर्ची ओढून जवळ बसली. सकाळपासून त्या याच पडद्याकडे बघत होत्या आणि त्याच्या शांततेवर खूश होत्या. मुमताजने तर आईला फोन करून सांगितलंही होतं की आज अगदी आराम आहे.

घंटा वाजली. दीनानाथ आगाशे. साठून राहिलेली हाक आता आली होती.

पुन्हा वाजली. कर्वेनगरचं एक जोडपं. मुमताजने पेटीला फोन लावला. "अगं, सकाळी तुम्हाला शुभेच्छा द्याव्यात म्हणून दाबलं होतं," त्या घरातल्या काकू म्हणाल्या. "मग ह्यांनी दटावलं, विनाकारण दाबू नकोस म्हणून. तुम्ही रागावला असाल असं वाटलं."

"नाही काकू. रागावलो नाही," मुमताज म्हणाली.

तिसऱ्यांदा वाजली. पडद्यावर नाव आलं: सरोजिनी केतकर. पुढे वेळ, दोन वाजून छत्तीस मिनिटं.

"आत्ताच दाबलं त्यांनी," मुमताज म्हणाली.

"ती पोचल्याची वेळ आहे," सलीमा म्हणाली. "दाबल्याची नाही."

हाकेवर वेळेचा शिक्का ऑफिसातलं यंत्र मारत असे. पेटी वेळ पाठवतच नव्हती. हाक निघते तेव्हाच पोचते असं गृहीत धरून सलीमाने ते तसं लिहिलं होतं. बाईंनी बटण आत्ता दाबलं असेल, तासाभरापूर्वी दाबलं असेल किंवा अगदी सकाळी, वाट बंद झाल्या झाल्या.

मुमताजने पेटीला फोन लावला. पेटीने उचलला.

"बाई? मी मुमताज बोलतेय. बाई, ऐकू येतंय का?"

रेडिओ चालू होता. कुणीतरी शास्त्रीय गात होतं. एखाद्या पंख्याची टकटक. बाकी काही नाही.

"बाई, बोलता येत नसेल तर काहीतरी वाजवा. जवळ जे असेल ते."

गाणं चालू राहिलं.

बाईंचा मोबाइल वाजून वाजून थांबला. तो वाजताना पेटीतूनही ऐकू आला, म्हणजे मोबाइल बैठकीतच होता. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे किल्ली असायची. ते साताऱ्याला होते आणि किल्ली त्यांच्या बंद घरात. बाईंकडे कामाला येणाऱ्या बायडाबाई सुट्टीवर होत्या. "काल निघताना बऱ्या होत्या की," त्या फोनवर म्हणाल्या. "मला साडी दिली. म्हणाल्या, पाडव्याला येऊ नको, आपल्या घरी राहा."

सलीमाने मच्छिंद्रला गाठलं. पेट्या बसवायचं आणि दुरुस्तीचं काम तो करायचा. भाऊबीजेसाठी येणाऱ्या बहिणीला घ्यायला तो स्वारगेटला आला होता.

"मॅडम, आत्ता गाडी लागली तिची."

"मच्छिंद्र, मंडईच्या मागे, केतकरबाई. उचलत नाहीयेत."

"आलो. तिला रिक्षात घालतो आन् जातो." मग फोनपासून तोंड वळवून, "ताई, तू हो पुढं. न्हाई, काय झालं न्हाई. हो म्हणतोय ना."

अग्निशमन दलालाही कळवलं. गाडी निघाली, असं त्यांनी सांगितलं.

तेवढ्यात श्रीधरचा फोन आला. सलीमाने त्याला सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला, "रेकॉर्डला वेळ काय लागलीय?"

"दोन छत्तीस."

"आणि आपण फोन केला?"

"लगेच. दोन सदतीसला."

"म्हणजे रेकॉर्डप्रमाणे तर उशीर झालेलाच नाही."

सलीमाने बाईंची नोंद उघडली.

"मी फक्त म्हणतोय," श्रीधर म्हणाला. "तू दमली आहेस, मला माहितेय. आपण उद्या शांतपणे बोलू. पण जे आहे ते तसंच राहू दे, हात लावू नकोस."

तिने फोन ठेवला आणि बाईंच्या नावासमोर, शेरा लिहायच्या जागेत टाइप केलं: हाक नक्की केव्हा दाबली ते माहीत नाही. सकाळपासून केव्हाही. वाट बंद होती. खाली तिने आपलं नाव घातलं. मग गेल्या आठवड्यातल्या मध्यरात्रीच्या हाका काढल्या आणि 'ग्राहक गोंधळलेले' हे शब्द एकेक करून खोडले. त्यासाठी धैर्य वगैरे लागलं नाही. दमलेल्या माणसाला खोटं सांभाळायचा कंटाळा येतो, इतकंच.

"आपा," मुमताज म्हणाली, "शुभेच्छा द्यायलाच दाबलं असेल. पाडवा आहे. त्या काकूंसारखं."

"त्या म्हणाल्या होत्या, पडले की दाबीन."

"टोमणा होता तो."

"हो. पण बाई बोललेलं पाळतात."

पेटीचा फोन त्यांनी चालूच ठेवला होता. रेडिओवर गाणं संपलं, बातम्या लागल्या, परत गाणं सुरू झालं. दुसऱ्या फोनवर मच्छिंद्र बोलत होता. मंडईपाशी झेंडूवाल्यांची आणि खरेदीची गर्दी होती, त्याने मोटारसायकल लांब लावली आणि पळत गेला. जिने चढतानाची त्याची धाप ऐकू आली.

"मॅडम, जाळीचं दार उघडं हाय. आतलं बंद हाय. दारात रांगोळी हाय."

"आजची?"

"आता ते मला कसं कळंल? पुसटलेली न्हाई. पन हितं येतंय कोण तिसऱ्या मजल्यावर पुसायला?"

"दार वाजव."

त्याने वाजवलं. एका फोनमधून ते बाहेरून ऐकू आलं आणि दुसऱ्या फोनमधून, क्षणभर मागून, आतून. मुमताजने ओठांवर हात ठेवला. "बाई!" मच्छिंद्र ओरडला. "बाई!" आतल्या फोनमधून तीच हाक बैठकीतून फिरून आली. रेडिओ गात राहिला.

गल्लीच्या तोंडाशी बसणारा किल्लीवाला सणामुळे नव्हता, पण राहायला मागेच होता. त्याला जेवणावरून उठवून आणलं. तो कुरकुरला, बाईंचं नाव ऐकल्यावर थांबला. त्याच्या बहिणीला त्यांनी शिकवलं होतं. कुलूप उघडायला त्याला फार वेळ लागला नाही. दार बोटभर उघडलं आणि अडलं.

"आतनं साखळी लावलेली हाय," मच्छिंद्र म्हणाला. "म्हंजी बाई आतच हायत."

"काय दिसतंय?"

"पंखा. खुर्ची. टेबलावर फराळाचं ताट झाकलेलं हाय. बाई न्हाईत दिसत. मोरीकडचा भाग हितनं दिसतच न्हाई." तो फटीला तोंड लावून पुन्हा ओरडला. किल्लीवाला साखळी कापायला पकड आणायला खाली गेला. अग्निशमनची गाडी लक्ष्मी रस्त्यापर्यंत आली आहे, असं कुणीतरी खालून सांगितलं.

ऑफिसात घंटा वाजली.

सलीमा आणि मुमताज दोघींनी पडद्याकडे पाहिलं. सरोजिनी केतकर यांच्या नावापुढे दुसरी हाक आली होती.

"दाबलं! आपा, त्यांनी दाबलं!" मुमताज उभी राहिली. "मच्छिंद्रचा आवाज ऐकला त्यांनी!"

सलीमा वाकून नोंद वाचत होती. पेटीत साठलेल्या हाका एकदम येत नाहीत. एक पोचली की पेटी थांबते, जाळं मोकळं होईपर्यंत वाट पाहते, मग पुढची सोडते. हेही तिनेच तसं लिहिलं होतं, गर्दी होऊ नये म्हणून. कधी किती थांबेल ते जाळ्यावर अवलंबून. सकाळी कधीतरी बाईंनी दोनदा बटण दाबलं असेल तर त्यातली दुसरी हाक बरोबर अशीच आली असती.

"ही आत्ताची आहे ना?" मुमताजने विचारलं. "आपा, आत्ताची आहे ना?"

पडद्यावर वेळ होती तीन वाजून एकोणीस मिनिटं. ठिपका हिरवा होता. फोनमध्ये किल्लीवाल्याची पावलं जिना चढत होती.